झेलणाऱ्याचे श्रेय

आपल्या भाषेत देणाऱ्यासाठी किती सुंदर शब्द आहेत! दाता, दानशूर, उदार, कर्णाचा अवतार. एकेक शब्द उच्चारताना छाती कशी भरून येते. आता घेणाऱ्यासाठी कोणते शब्द आहेत ते आठवून पाहा. याचक, ऋणको, मिंधा, आश्रित, भिकारी! 'देवाणघेवाण' असा जोडशब्द करतानासुद्धा आपण देवाणीला मानाचा पाट देतो आणि घेवाणीला तिच्या मागे बसवतो. फार काय, ज्या सणासाठी हा अंक आपण हाती घेतला आहे, त्याच सणातली प्रतिपदा बळीच्या नावाने चालते. बळी देणारा होता. घेणारा तर साक्षात विष्णू; परंतु घ्यायची वेळ आली तेव्हा त्यालाही बटू व्हावे लागले आणि लोकांच्या ध्यानात तो राहिला तो वामन म्हणून! हात पुढे करायचा तर देवालासुद्धा आपली उंची कमी करावी लागते, अशीच जणू आपली समजूत आहे.

ही समजूत खरी आहे काय? घेणे म्हणजे नुसते हात पुढे करणे काय? देणाऱ्याने द्यावे आणि घेणाऱ्याने ते मुकाट्याने पदरात पाडून घ्यावे, यात घेणाऱ्याचे कर्तृत्व ते कोणते? हा प्रश्न गेली दोन-तीन वर्षे माझ्या मनात घोळतो आहे. गंमत अशी, की तो तिथे रुजवला तो कोणा संताने किंवा तत्त्वज्ञाने नव्हे. तो रुजवला परक्या देशातल्या, परक्या खेळातल्या, अधू डोळ्यांच्या आणि दुखऱ्या पाठीच्या एका खेळाडूने.

अमेरिकेत नोकरीला असलेला माझा एक जुना विद्यार्थी सुट्टीत घरी आला की मला भेटल्यावाचून राहत नाही. येताना त्याच्याबरोबर चॉकलेटांचा डबा असतो आणि तिकडच्या फुटबॉलच्या गोष्टी असतात. चॉकलेटे घरातली मुले संपवतात; गोष्टी माझ्या वाट्याला येतात. त्यांपैकी एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. ती सांगण्याआधी त्या खेळाची थोडी ओळख करून दिली पाहिजे.

त्या खेळाचे नाव फुटबॉल असले, तरी त्यात पायाने चेंडू मारण्याचे काम थोडे आणि हाताने धरण्याचे फार. चेंडू आपल्या फुटबॉलसारखा वाटोळा नसतो. दोन्ही टोकांना निमुळता, सोललेल्या नारळाच्या घडणीचा असतो. मैदान १०० यार्डांचे. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. चेंडू ज्यांच्या हाती, त्यांना चार प्रयत्न मिळतात. तेवढ्यात १० यार्ड पुढे सरकले तर आणखी चार प्रयत्न. नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे. असे पाऊल पाऊल पुढे जात पलीकडची रेषा गाठायची.

या संघाचा नायक म्हणजे क्वार्टरबॅक. चाल तो सांगतो, चेंडू तो फेकतो. वर्तमानपत्रात छायाचित्र त्याचे, जाहिरातीत चेहरा त्याचा, लहान मुलांच्या पाठीवर क्रमांक त्याचा. आणि दूर धावत जाऊन त्याने फेकलेला चेंडू झेलणारा जो गडी, त्याला म्हणतात रिसीव्हर. रिसीव्हर म्हणजे घेणारा. नावातच सगळे आले! हिशेबाची रीतही अशी, की झेल घेतल्यावर हा गडी चेंडू छातीशी धरून आणखी ४० यार्ड धावला, तरी ते ४० यार्ड फेकणाऱ्याच्याही खात्यावर जमा होतात. धाप लागते एकाला आणि खाते फुगते दोघांचे!

रेमंड बेरी हा असा एक घेणारा. १९३३ साली टेक्सासमध्ये त्याचा जन्म झाला. त्याचे वडील शाळेत फुटबॉल शिकवीत. आता शिक्षकाच्या मुलाला शाळेच्या संघात जागा मिळणे किती सोपे, असे आपल्याला वाटेल. परंतु बेरीला ती पहिल्यांदा नीट मिळाली ती शाळेच्या शेवटच्या वर्षी. महाविद्यालयात तीन वर्षांत मिळून त्याने झेल घेतले ३३. धावण्यात तो वेगवान नव्हता. दृष्टी इतकी अधू, की डोळ्यांत काचा बसवल्याशिवाय मैदानात उतरता येत नसे. पाठीचे दुखणे असे, की कमरेला पट्टा आवळून खेळावे लागे. व्यावसायिक संघ दरवर्षी महाविद्यालयांतून खेळाडू निवडतात. १९५४ च्या त्या निवडीत बेरीचे नाव पुकारले गेले ते विसाव्या फेरीत, २३१ जणांची नावे होऊन गेल्यावर! बाल्टिमोरच्या कोल्ट्स संघाने त्याला घेतले. १९५५ च्या पहिल्या मोसमात त्याने १३ झेल घेतले. हा गडी आणखी एखादे वर्ष टिकेल, असे पाहणाऱ्याला वाटले असेल तर त्यात नवल नव्हते.

पुढच्या वर्षी, १९५६ साली, त्याच संघात जॉनी युनायटस नावाचा एक क्वार्टरबॅक आला. आज हे नाव त्या खेळाच्या इतिहासात फार मोठे आहे. परंतु तेव्हा युनायटसही टाकून दिलेल्यांपैकीच होता. पिट्सबर्गच्या संघाने आदल्या वर्षी त्याला निवडले आणि एकाही सामन्यात न खेळवता काढून टाकले. मग दिवसा बांधकामावर राबायचे आणि एका हौशी संघाकडून सामन्यामागे ६ डॉलर घेऊन खेळायचे, असे दिवस त्याने काढले होते. कोणाला नको असलेले दोघे एका ठिकाणी आले.

सराव संपला, इतर गडी घरोघर गेले, की हे दोघे मैदानात मागे राहत. युनायटस चेंडू फेकी, बेरी झेली. तीच धाव, तेच वळण, तोच झेल; पुन्हा आणि पुन्हा. बेरीने तर झेलण्याचे एक शास्त्रच करून ठेवले होते. चेंडू डोक्यावरून आला तर, गुडघ्याशी आला तर, पाठीमागून आला तर, रेषेबाहेर पडता पडता आला तर, अशा प्रत्येक 'तर'चा वेगळा सराव. बोटांना बळकटी यावी म्हणून तो रबरासारखा लवचीक गोळा हातात घेऊन दाबत बसे. प्रतिपक्षाच्या गड्याला हुलकावणी देण्याचे ८८ प्रकार त्याने मोजून ठेवले होते. रात्री जुन्या सामन्यांच्या फिल्मा लावून तो वहीत टिपणे काढी. सहकारी हसत. मलाही प्रथम हसू आले. झेल घ्यायला वही कशाला?

परंतु त्या वहीतच सारे मर्म आहे. फेकणारा चेंडू फेकतो तेव्हा झेलणारा तिथे पोचलेला नसतो. त्याने वळण घेण्याच्या आधीच चेंडू हातातून सुटतो, आणि तो सुटतो एका रिकाम्या जागेकडे. त्या जागेवर त्या क्षणी तिथे कोणीही नाही! आणखी क्षणभराने एक माणूस वळून तिथे येईल, एवढ्या भरवशावर तो फेकलेला असतो. म्हणजे पाहा, आधी झेलणाऱ्याने आपला शब्द दिलेला असतो, 'मी तिथे असेन'. आणि मग फेकणारा फेकतो. मग यात देणारा कोण आणि घेणारा कोण? चेंडू एकाने दिला हे खरे. पण भरवसा दुसऱ्याने आधी दिला होता. हे देणे मैदानावर दिसत नाही. ते आदल्या शेकडो संध्याकाळी, रिकाम्या मैदानात देऊन झालेले असते.

२८ डिसेंबर १९५८ रोजी न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर कोल्ट्स आणि न्यूयॉर्कचा जायंट्स संघ यांच्यात अजिंक्यपदाचा सामना झाला. बाल्टिमोरने हे अजिंक्यपद पूर्वी कधीच मिळवले नव्हते. एका कष्टकरी बंदराच्या शहराची सारी उमेद त्या दिवशी पणाला लागली होती. मध्यंतराला कोल्ट्स १४-३ असे पुढे होते, आणि त्यातला दुसरा टचडाउन बेरीच्याच झेलाने मिळाला होता. उत्तरार्धात जायंट्सनी बाजी उलटवली. १७-१४. घड्याळात दोन मिनिटेही उरली नव्हती आणि चेंडू कोल्ट्सच्या स्वतःच्या रेषेपासून अवघ्या १४ यार्डांवर होता. पुढे ८६ यार्डांचे मैदान पसरलेले!

पहिले दोन प्रयत्न वाया गेले. तिसऱ्यात लेनी मूर याने ११ यार्डांचा झेल घेतला. पुन्हा एक वाया. आता बेरीची पाळी होती. तो आपल्या जागेवर उभा राहिला आणि पाहतो तो काय, प्रतिपक्षाचा जो गडी नेहमी आतल्या बाजूला असतो, तो सरळ येऊन त्याच्या पुढ्यात उभा ठाकलेला! ठरलेली चाल आता चालणार नव्हती. बोलायला वेळ नव्हता, खुणेचीही सोय नव्हती. परंतु पूर्वी केव्हातरी, सराव संपल्यावर, 'असा गडी असा समोर आला तर काय करायचे?' हे या दोघांनी बोलून ठेवले होते. प्रत्यक्ष सामन्यात तशी वेळ तोवर आली नव्हती. बेरीने युनायटसकडे पाहिले, युनायटसने बेरीकडे पाहिले. बस्स, एवढेच! दोघांनाही ते जुने बोलणे आठवत होते. बेरीने त्या गड्याला हूल दिली, तो आत वळला आणि चेंडू त्याच्या हातात आला. २५ यार्ड. लगेच पुन्हा बेरी, १५ यार्ड. पुन्हा बेरी, २२ यार्ड. लागोपाठ तीन झेलांत ६२ यार्ड. क्रिकेटच्या जवळजवळ तीन खेळपट्ट्यांएवढे अंतर. सात सेकंद उरले असता कोल्ट्सनी लाथेने चेंडू दांड्यांमधून मारून बरोबरी साधली. अजिंक्यपदाच्या सामन्यात जादा वेळ खेळण्याची पाळी त्या स्पर्धेत प्रथमच आली, आणि तो जादा वेळ कोल्ट्सनी जिंकला. २३-१७. बेरीने त्या दिवशी १२ झेल घेतले आणि १७८ यार्ड मिळवले.

सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान युनायटसला मिळाला.

त्यात अन्याय झाला असे मी म्हणणार नाही. युनायटसची त्या दिवशीची कामगिरी खरोखर असामान्य होती. माझ्या विद्यार्थ्यानेही मला नेमके हेच ऐकवले. तो म्हणाला, "सर, युनायटस नसता तर बेरी कोण? पहिल्या वर्षी तेरा झेल घेणारा एक किरकोळ गडी."

"आणि बेरी नसता तर युनायटस कोण?" मी विचारले. "रिकाम्या जागेवर चेंडू फेकणारा एक वेडा!"

तो हसला. परंतु हसण्यावारी नेण्याजोगी ही गोष्ट नव्हे. श्रेयाची वाटणी आपण भाकरीसारखी करायला जातो. एकाला मोठा तुकडा दिला की दुसऱ्याचा लहान झालाच पाहिजे, असे आपण धरून चालतो. काही श्रेये मात्र अशी असतात, की त्यांचे तुकडेच पडत नाहीत. टाळी वाजली तर उजव्या हाताने किती वाजवली आणि डाव्याने किती, याचा हिशेब कोण करणार? उजवा हलतो म्हणून तो वाजवणारा आणि डावा स्थिर म्हणून तो नुसता सोसणारा, हा डोळ्यांचा भ्रम आहे. जे हलते तेच आपल्याला दिसते.

या बाबतीत क्रिकेटवाले अधिक न्यायी आहेत, असे मला वाटते. आपल्या मराठी धावफलकावर बाद झालेल्या फलंदाजापुढे 'झे.' आधी लिहितात आणि 'गो.' नंतर. झेलणाऱ्याचे नाव पहिले! एकनाथ सोलकर याची आठवण महाराष्ट्राला सांगायला नको. मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचा हा मुलगा. फलंदाजाच्या बॅटीपासून हातभर अंतरावर, डोक्यावर शिरस्त्राण नसताना तो उभा राही. २७ कसोटी सामन्यांत त्याने ५३ झेल घेतले. ऑगस्ट १९७१ मध्ये ओव्हलवर इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत गडगडला, तो चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले म्हणून, हे आपल्याला पाठ असते. त्याच डावात फ्लेचर आणि नॉट यांचे झेल सोलकरने घेतले, हे किती जणांना आठवते? तरी धावफलकावर ते लिहिलेले आहे. ज्याला शोधायचे असेल त्याला ते सापडते.

आता कोणी म्हणेल, झेल हा शेवटी नशिबाचा भाग आहे; चेंडू हातात बसला तर बसला. त्यांच्या बाजूने मी स्वतःच एक उदाहरण देतो. ३ फेब्रुवारी २००८ रोजी त्याच अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना झाला. एका बाजूला त्या मोसमात एकही सामना न हरलेला न्यू इंग्लंडचा पेट्रियट्स संघ आणि दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्कचा जायंट्स. जायंट्समध्ये डेव्हिड टायरी नावाचा एक रिसीव्हर होता. त्या साऱ्या नियमित मोसमात त्याने झेल घेतले होते अवघे ४. सामन्याच्या दोन दिवस आधीच्या सरावात तर त्याच्या हातून चेंडूमागून चेंडू निसटत होते. आणि सामन्यात, सव्वा मिनिट उरले असता, त्याने उंच उडी मारून एक चेंडू घेतला. प्रतिपक्षाचा गडी त्याच्या अंगावर कोसळत होता, हात खेचीत होता. टायरीने तो चेंडू एका हाताने आपल्या शिरस्त्राणावर दाबून धरला आणि जमिनीवर पडेपर्यंत सोडला नाही. ३२ यार्ड! त्यानंतर थोड्याच वेळात जायंट्सनी टचडाउन करून सामना १७-१४ असा जिंकला. टायरीने अधिकृत सामन्यात पुन्हा कधी झेल घेतला नाही. तो त्याचा शेवटचाच ठरला.

मग हे नशीब नव्हे काय? असेलही. परंतु मला त्यात आणखी काही दिसते. मोसमात चारच झेल मिळाले, म्हणजे कितीतरी वेळा तो गडी मैदानात धावला आणि चेंडू त्याच्याकडे आलाच नाही. त्याचे मुख्य काम निराळे होते. लाथेने उडवलेल्या चेंडूमागे धावून प्रतिपक्षाला अडवणे, हे ते काम. ते कोणाच्या फारसे नजरेत भरत नाही. तरी तो धावत राहिला. नशीब आले तेव्हा तो त्या जागेवर होता. नशीब दार ठोठावते असे म्हणतात. परंतु घरात कोणी असावे लागते की नाही?

अजिंक्यपदाची आशा अशा माणसांवर का टांगलेली असते, याचेही कारण यातच आहे. मोठ्या सामन्यात मोठ्या गड्यावर प्रतिपक्षाचा डोळा असतो. त्याच्याभोवती दोन-दोन पहारेकरी उभे केलेले असतात. अशा वेळी सारा भार येऊन पडतो तो ज्याला कोणी जमेस धरले नव्हते त्याच्यावर. १९५८ च्या त्या सामन्यात नेमके हेच झाले. कोल्ट्सचा वेगवान आणि भय वाटावा असा गडी होता लेनी मूर. सुरुवातीलाच त्याने ६० यार्डांची मजल मारणारा एक झेल घेतला. जायंट्स घाबरले. त्यांनी मूरवर दोघांचा पहारा बसवला, आणि बेरी एकट्या गड्यापुढे मोकळा राहिला. पुढे मूर नुसता धावे आणि त्याच्यामागे दोघे धावत. बेरीच्या बारा झेलांत मूरची अशी किती रिकामी धाव मुरलेली आहे, ते कोणत्या फलकावर लिहिणार?

म्हणजे ज्याची कदर झाली नाही असे आपण म्हणतो, त्याच्याही मागे आणखी कोणीतरी असतो. ही रांग कुठे संपते, मला सांगता येत नाही.

इथवर आलो, की अशा लेखांत एक उपदेश ठरलेला असतो. 'म्हणून वाचकहो, श्रेयाची अपेक्षा न धरता आपले काम करीत राहा. पायाचे दगड व्हा. कळस होऊ नका.' मीही तो लिहायला बसलो होतो. परंतु लेखणी थबकली. हा उपदेश कोण कोणाला करतो, ते एकदा नीट पाहायला हवे.

दिवाळीचेच घ्या. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण अभ्यंगस्नान करून फराळाला बसतो. ताटात चकली, करंजी, चिरोटे, अनारसे. कोणीतरी म्हणतो, "आईच्या हाताला चव आहे हो!" दुसरा म्हणतो, "तिला कौतुकाची हौस नाही. करते आणि बाजूला होते. हेच तिचे मोठेपण." असे म्हणून तो आणखी एक चकली घेतो. आणि ती माउली? आठ दिवस रात्री जागून तिने पुरणे भरलेली, चुलीपुढे किंवा गॅसपुढे कंबर मोडलेली. पहाटे सर्वांच्या आधी उठून तिनेच सर्वांना तेल लावलेले. ती सर्वांच्या शेवटी, उरल्यासुरल्यावर बसते. तिच्या नि:स्पृहपणाचे गोडवे गाणारे तोंड तिच्याच करंजीने भरलेले असते! तिला कौतुक नको आहे, हे तिला कोणी विचारून ठरवले आहे काय?

अदृश्य कष्टांची स्तुती ही फार सोयीची गोष्ट आहे. तिला पैसा पडत नाही, आणि ती केली की कष्ट अदृश्यच ठेवायला आपण मोकळे होतो. मालक मजुराला, मोठे धाकट्यांना, पुरुष बायकांना, प्रसिद्ध अप्रसिद्धांना पायाचा दगड होण्याची थोरवी सांगत आले आहेत. कळसाला असा उपदेश करताना मी कोणाला ऐकले नाही.

बेरीची गोष्ट याहून वेगळी आहे, हे विसरता कामा नये. ते काम त्याने स्वतः निवडले होते. त्याला त्याचे वेतन मिळत होते. त्याचा प्रत्येक झेल मोजला जात होता. १९६७ साली तो निवृत्त झाला तेव्हा ६३१ झेलांचा उच्चांक त्याच्या नावावर होता, आणि १९७३ साली त्या खेळाच्या मानकऱ्यांच्या दालनात त्याला जागा मिळाली. उशिरा का होईना, जगाने त्याच्याकडे पाहिले. स्वतःहून पडद्याआड राहणे निराळे आणि कोणी ढकलून पडद्याआड ठेवणे निराळे. पहिल्यात तेज आहे. दुसऱ्यात अन्याय आहे. दोन्हींवर आपण 'नि:स्पृह सेवा' ही एकच चिठ्ठी चिकटवतो, तिथे आपली नीती घसरते.

मला वाटते, इथे धर्म दोन आहेत आणि ते दोन वेगळ्या माणसांचे आहेत. काम करणाऱ्याचा धर्म असा, की कोणी पाहो न पाहो, आपण त्या जागेवर वेळेवर पोचावे. हा त्याने स्वतःसाठी स्वीकारायचा. दुसऱ्याने त्याच्यावर लादायचा नव्हे. आणि पाहणाऱ्याचा धर्म असा, की त्याने पाहावे. चेंडू जिथे आहे तिथेच नव्हे, तर जिथे चेंडू नाही तिथेही पाहावे. या दोन धर्मांची अदलाबदल झाली की घोटाळा होतो. करणारा जर रात्रंदिवस 'मला कोण पाहते' याचाच विचार करू लागला, तर त्याचा झेल सुटतो. आणि पाहणारा जर 'त्याला कुठे हवे आहे कौतुक' असे म्हणून मान फिरवू लागला, तर तो कृतघ्न होतो. गीतेने फळाची आशा सोडायला सांगितली ती कर्म करणाऱ्याला. दुसऱ्याच्या कर्माचे फळ आपण खावे आणि वर त्याला गीता ऐकवावी, असे काही तिथे सांगितलेले नाही!

मी शिक्षक आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्या दारात रोज उभा असतो. आम्ही विद्यादान करतो म्हणतात. दान शब्द आला की आम्ही आपोआप दाते होतो आणि समोरची चाळीस-पन्नास पोरे पात्रे होतात. पात्र म्हणजे भांडे. भांड्याने काय करायचे? उताणे राहायचे आणि ओतले जाईल ते भरून घ्यायचे. परंतु वर्गात उभा राहून इतकी वर्षे मी जे पाहिले ते निराळेच आहे. अपूर्णांकांचा भागाकार फळ्यावर करून दाखवणे हे माझ्या हातातले काम. पण तो समजणे हे काम पोरगेच करते. शेवटच्या बाकावर भुवया आक्रसून बसलेली एखादी मुलगी, मी पुढचे पाऊल टाकायच्या आधीच तिथे मनाने जाऊन उभी असते. मग माझा शब्द तिच्या हातात बसतो. ती तिथे गेलीच नसती, तर माझा उत्तम शब्दही बाकाखाली घरंगळत गेला असता. निकाल चांगला लागला की शाळेच्या फलकावर शिक्षकाचे अभिनंदन होते. व्हावे. परंतु समजून घेण्याचे कष्ट ज्यांनी केले आणि तरीही ज्यांना पहिला क्रमांक मिळाला नाही, त्यांचे नाव कुठल्या फलकावर येते? पंचेचाळीस गुणांवरून पासष्टवर आलेल्या मुलाची धाव आम्ही मोजतो काय? माझ्या वहीच्या मागच्या पानावर हल्ली मी ती मोजतो. मुलांना ते ठाऊक आहे, आणि त्या पानाची त्यांना गुणपत्रिकेपेक्षा अधिक उत्सुकता असते.

कादंबऱ्या लिहितानाही हेच जाणवते. लेखक लिहितो आणि वाचक वाचतो, एवढेच जगाला दिसते. परंतु वाक्य लिहिले जाते तेव्हा वाचक तिथे नसतो. लिहिणारा ते एका रिकाम्या जागेकडे फेकतो. कोणीतरी आपल्या आयुष्याची सुखदुःखे घेऊन, दिवसभराची कामे आटोपून, दिव्याखाली येऊन बसेल आणि ते झेलील, एवढ्या भरवशावर फेकतो. चांगल्या वाचकाची स्तुती कोणी ग्रंथाच्या मलपृष्ठावर छापत नाही. वाचणे हे घेणे समजले जाते आणि घेणाऱ्याला कसली स्तुती!

घेणे हे कर्तृत्व आहे काय, असा प्रश्न मी सुरुवातीला विचारला होता. माझे उत्तर असे, की चांगले घेणे हे फार मोठे कर्तृत्व आहे. कारण त्यासाठी देणाऱ्याच्या आधी निघावे लागते. वामनाला लहान होऊन यावे लागले हे आपण लक्षात ठेवले. पण बळीकडे चालत तोच आला होता, हे आपण विसरलो. दारात कोणी घेणारा आलाच नसता, तर बळीचे औदार्य त्याच्या कोठारातच राहिले असते आणि प्रतिपदेला आपण कोणाची आठवण काढली असती?

यंदा फराळाचे ताट पुढे येईल तेव्हा चकलीला चव कशी आहे ते जरूर सांगावे. मग उठून स्वयंपाकघरात जावे आणि जी अजून बसलेली नाही, तिला आधी बसवावे. वाढण्याचे काम थोडा वेळ आपण करावे. नुसती स्तुती करण्यापेक्षा ते अवघड आहे, आणि चारचौघांत दिसणारेही नाही.